प्रार्थना करून निवडलेला माणूस चुकला, तर?

एका भगिनीचं पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून देते.

“आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) लवकरच नवे वडील (मंडळीचे ज्येष्ठ पुढारी), सेवक आणि खजिनदार निवडायचे आहेत. नावं सुचवणाऱ्या पाच जणांच्या समितीत या वेळी मलाही घेतलंय. गेल्या खेपेला आम्ही तीन दिवस उपास-प्रार्थना करून खजिनदार निवडले होते. दोन वर्षांत हिशेबाचा पार गुंता झाला. त्यांनी पैसे खाल्ले असं कुणीच म्हणत नाही. पण पावत्या सापडेनात, वह्या अर्धवट, आणि विचारलं की ते चिडायचे. शेवटी ते पायउतार झाले. चार कुटुंबं मंडळी सोडून गेली. ते स्वतः अजून उपासनेला येतात, शेवटच्या बाकावर बसतात, त्यांच्याशी कुणी बोलत नाही. आता समितीतले एक भाऊ म्हणतात, सरळ चिठ्ठ्या टाकू, म्हणजे भांडण नको. दुसरे म्हणतात, नावांची चौकशी करणं म्हणजे देवावर अविश्वास दाखवणं. त्यात माझ्या मोठ्या दिरांना वडील व्हायचंय. मी त्यांचं नाव पुढे करीन असं घरात सगळे धरून चाललेत. मला रात्री झोप लागत नाही. गेल्या वेळी आम्ही मनापासून प्रार्थना केली होती. मग देवाने आम्हाला थांबवलं का नाही? आता कशावर भरवसा ठेवू?”

प्रिय ताई, प्रभूत सलाम.

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. तो सुटल्याशिवाय चिठ्ठ्या, चौकशी, दीर यांतलं काहीच नीट सुटणार नाही.

लूकच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय काढा. बारा प्रेषित निवडण्याआधी प्रभू येशू डोंगरावर गेला आणि सगळी रात्र त्याने प्रार्थनेत घालवली. उजाडल्यावर शिष्यांना बोलावलं आणि त्यांच्यातून बारा जण निवडले. ती यादी पेत्रापासून सुरू होते आणि पुढे प्रभूला शत्रूंच्या हाती धरून देणाऱ्या यहूदा इस्कर्योताच्या नावावर संपते. त्या रात्रीच्या प्रार्थनेत काही कमी होतं असं आपल्यापैकी कोण म्हणेल? योहान तर स्पष्ट लिहितो की कोण धरून देणार हे प्रभूला पहिल्यापासून ठाऊक होतं. म्हणजे प्रभू फसला नव्हता. आपण फसतो, आणि हा फरक मोठा आहे. तरीही त्या यादीवरून मला एवढं कळतं की प्रार्थना करून निवडलेल्या माणसाचं मन निवडीनंतरही त्याचंच राहतं. तो रोज सकाळी उठून नव्याने ठरवतो, विश्वासू राहायचं की नाही. ते ठरवणं आपली प्रार्थना त्याच्याकडून काढून घेत नाही.

(यहूदाकडे पैशांची थैली होती हे वाचताना तुम्हाला तुमचे खजिनदार आठवतील, म्हणून इथेच सांगते: ही तुलना मी करत नाही, तुम्हीही करू नका. त्यांनी काही घेतलं असं कुणी म्हणत नाही, हे तुम्हीच लिहिलंय.)

आता जरा अवघड गोष्ट विचारते. त्या तीन दिवसांत समितीतल्या कुणाच्या मनात काही खटकलं होतं का? निवड फसली की प्रत्येक मंडळीत एखादं माणूस निघतं, जे हळूच म्हणतं, “मला तेव्हाच वाटलं होतं.” त्या भावाला वह्या-पावत्यांचा कंटाळा आहे किंवा प्रश्न विचारलेला त्यांना खपत नाही, हे कुणाला तरी आधीपासून माहीत असणार. एवढा उपास झाल्यावर आता शंका काढली तर आपणच कमी विश्वासाचे ठरू, म्हणून ती व्यक्ती गप्प बसली असेल. तसं झालंच असेल असं मी म्हणत नाही. पण झालं असेल, तर “देवाने थांबवलं का नाही” या प्रश्नाकडे वेगळ्या नजरेनं पाहावं लागेल. ती मनातली खटक हेच तुमच्या प्रार्थनेचं उत्तर असू शकतं; देवाने ते एका माणसाच्या मनात ठेवलं आणि ते ओठांपर्यंत आलंच नाही. समितीच्या पहिल्या बैठकीत हा प्रश्न मांडा. कुणाला दोष द्यायला नव्हे, तर या वेळी तरी कुणी गिळून गप्प बसू नये म्हणून.

चौकशी म्हणजे अविश्वास, असं म्हणणाऱ्या भावांचा हेतू चांगला आहे. देवाच्या गोष्टी माणसांच्या राजकारणात जाऊ नयेत असं त्यांना वाटतं, आणि त्याबद्दल मला त्यांचा आदर आहे. पण शास्त्र त्यांच्या बाजूने नाही. प्रेषित पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा तिसरा अध्याय त्यांच्याबरोबर बसून वाचा. अध्यक्ष, म्हणजे मंडळीची देखरेख करणारा, निर्दोष असावा, द्रव्यलोभी नसावा, स्वतःच्या घराची व्यवस्था चांगली ठेवणारा असावा, नवशिका नसावा, आणि मंडळीबाहेरच्या लोकांतही त्याची साक्ष चांगली असावी. सेवकांविषयी तर पौल सरळ लिहितो की आधी त्यांची पारख व्हावी, मग त्यांनी सेवा करावी. आता मला सांगा, बाहेरच्या लोकांना विचारल्याशिवाय बाहेरच्यांची साक्ष कशी कळणार? घर कसं चालतं हे पाहिल्याशिवाय घराविषयी काय बोलणार? पवित्र आत्म्याने पौलाकडून ही यादी लिहवून घेतली, ती आपण पडताळून पाहावी म्हणूनच ना! थेस्सलनीकाकरांना तो एका दमात दोन्ही सांगतो: आत्म्याला विझवू नका, आणि सर्व गोष्टींची पारख करा. त्याला यात कुठे ओढाताण दिसली नाही.

प्रेषितांनंतरच्या पहिल्या पिढ्यांनीही हेच धरून ठेवलं. ‘बारा प्रेषितांची शिकवण’ नावाची एक अगदी जुनी पुस्तिका आहे. शतकानुशतकं ती हरवल्यात जमा होती. १८७३ साली कॉन्स्टँटिनोपलमध्ये तिची प्रत सापडली आणि १८८३ मध्ये ती छापून निघाली. तिच्यात मंडळ्यांना सांगितलंय की प्रभूला शोभतील असे अध्यक्ष आणि सेवक तुम्ही आपल्यासाठी निवडा: सौम्य, पैशाचा लोभ नसलेले, खरे आणि पारखलेले. चारच गुण दिलेत, आणि त्यांतला शेवटचा ‘पारखलेले’. हे लिहिणारी माणसं छळाच्या छायेत जगत होती. त्यांचा देवावर भरवसा नव्हता असं कोण म्हणेल?

पण चौकशीलाही मर्यादा असते, आणि ती सांभाळणं तुमच्या हातात आहे. उपासनेनंतर दाराशी उभं राहून “त्यांच्याबद्दल तुम्हाला काय वाटतं” असं दहा जणांना विचारणं ही चौकशी नव्हे, ती कुजबुज. ज्यांचं नाव आहे त्यांच्याशी आधी समोरासमोर बोला. कुणी त्यांच्याविरुद्ध काही सांगितलं, तर सांगणाऱ्याला विचारा, हेच तुम्ही त्यांच्यासमोर म्हणाल का? वडिलांवरचा आरोप दोन-तीन साक्षीदारांशिवाय ऐकून घेऊ नकोस, असं पौल तीमथ्याला सांगतो. जे अजून वडील झालेले नाहीत त्यांच्या बाबतीतही एवढी दया आपण दाखवायला हवी. समितीत जे बोललं जाईल ते समितीतच राहील, घरीसुद्धा जाणार नाही, असं पाचही जणांनी एकमेकांना वचन द्या. घरी न सांगणं तुम्हाला किती जड जाईल हे मला कळतं. दिरांकडे येते, थोडं थांबा.

आधी चिठ्ठ्यांचं. ते भाऊ प्रेषितांच्या कृत्यांचा पहिला अध्याय डोळ्यांपुढे ठेवून बोलत असणार. यहूदाच्या जागी मत्थिया चिठ्ठ्या टाकून निवडला गेला, हे खरं. पण चिठ्ठीच्या आधी काय काय झालं ते पाहा. सुमारे १२० जण जमले होते. पेत्राने आधी कसोटी सांगितली: योहानाच्या बाप्तिस्म्यापासून प्रभू वर घेतला जाईपर्यंत जो सतत आपल्याबरोबर होता, असाच माणूस हवा. त्या कसोटीला उतरलेली दोनच नावं पुढे आली, योसेफ बर्सबा आणि मत्थिया. मग, सर्वांची अंतःकरणं जाणणाऱ्या प्रभू, यांपैकी तू कोणाला निवडलंस ते दाखव, अशी प्रार्थना झाली. चिठ्ठी आली ती या सगळ्याच्या शेवटी. आत्मा उतरल्यानंतर मात्र नव्या करारात अशी चिठ्ठी पुन्हा कुठे टाकलेली दिसत नाही.

आजही काही ख्रिस्ती लोक चिठ्ठी वापरतात, आणि मी त्यांना नावं ठेवणार नाही. ४ नोव्हेंबर २०१२ रोजी कैरोत इजिप्तच्या प्राचीन कॉप्टिक मंडळीने आपला प्रमुख निवडला (त्यालाही पोप म्हणतात, रोमचे पोप वेगळे), तेव्हा डोळे बांधलेल्या एका मुलाने काचेच्या भांड्यातून तीन नावांपैकी एक काढलं; तेच आजचे पोप तावाद्रोस दुसरे. अमेरिकेतल्या साधं जीवन जगणाऱ्या अमिश ख्रिस्ती लोकांत सभासद आपापल्या मनातलं नाव हळू आवाजात सांगतात. पुरेशी साक्ष ज्यांना मिळते त्यांच्यासमोर तेवढी गीतपुस्तकं ठेवतात, आणि ज्याच्या पुस्तकात वचनाची चिठ्ठी निघेल तो सेवक. कैरोत त्या तीन नावांपर्यंत येण्याआधी छाननी झाली होती, मतंही घेतली होती. अमिशांत आधी सगळ्या मंडळीची साक्ष घेतात. तुमचे भाऊ चिठ्ठी मागतात ती भांडण टाळायला, आणि मला नेमकं तिथेच बोचतं. जो निर्णय घ्यायची भीती वाटते तो देवाच्या अंगावर ढकलायचा आणि त्याला भरवसा म्हणायचं, हे बरोबर नाही. कसोटीला उतरलेली दोन नावं अगदी सारखी राहिली, तर टाका चिठ्ठी, प्रार्थना करून, आनंदाने. तोवर नको.

भांडणाची लाज मात्र बाळगू नका. तुमचीच मंडळी जगावेगळी नाही. ३६६ साली रोममध्ये दमासस आणि उर्सिनस यांच्यात बिशपपदासाठी एवढी मारामारी झाली की एका चर्चमध्ये एकाच दिवशी १३७ मृतदेह सापडले, असं त्या काळचा इतिहासकार अम्मियानस मार्सेलिनस लिहून गेलाय. आणि आठच वर्षांनी, ३७४ मध्ये, मिलानची मंडळी अशीच दुभंगलेली असताना शांतता राखायला तिथला प्रांताधिकारी अँब्रोज आला, आणि लोकांनी एकमुखाने त्यालाच बिशप निवडलं. त्याचा तर अजून बाप्तिस्माही झाला नव्हता! पुढे मंडळीने त्याला आपल्या थोर शिक्षकांत गणलं. म्हणून मी नवशिक्याला निवडा असं म्हणत नाही, पौलाची सूचना आहे तिथेच आहे. पण आपल्या भांडणांतूनही प्रभू वाट काढतो, हे त्याच शतकाने पाहिलंय.

भांडण नको म्हणून तक्रार दाबायची की तिला तोंड द्यायचं, याचं उत्तर मला कृत्यांच्या सहाव्या अध्यायात मिळतं. हा अध्याय मी आयुष्यात कितीतरी वेळा वाचला, आणि दर वेळी प्रेषितांनी काय केलं नाही याचंच मला नवल वाटतं. ग्रीक बोलणारे विश्वासी कुरकुर करू लागले: रोजच्या वाटपात आमच्या विधवांची उपेक्षा होते. प्रेषितांना म्हणता आलं असतं की कुरकुर करणं पाप आहे, प्रार्थना करा, प्रभू बघून घेईल. त्यांनी तसं म्हटलं नाही. तक्रार खरी मानली. स्वतः माणसं नेमून टाकली असती तरी कुणी हरकत घेतली नसती, पण त्यांनी सगळ्या शिष्यांना बोलावून सांगितलं, तुमच्यातून सात जण तुम्ही शोधून काढा. कसे? ज्यांची साक्ष चांगली आहे आणि जे आत्म्याने व ज्ञानाने भरलेले आहेत असे. काम होतं पंगतीला वाढण्याचं, दाण्यागोट्याचा हिशेब ठेवण्याचं. त्याला माणूस आत्म्याने भरलेला हवा आणि ज्ञानानेही. नुसता भक्तिमान चालणार नव्हता, नुसता हुशारही नाही.

मग लोकांनी निवडलेली नावं वाचा: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. सातही नावं ग्रीक. ग्रीक नावं यहूद्यांतही असत, त्यामुळे यावरून छातीठोक काही सांगू नये. पण मला तरी असं दिसतं की ज्यांच्या विधवा उपाशी राहत होत्या, त्यांच्याच बाजूच्या माणसांच्या हाती मंडळीने वाटप दिलं. केवढा मोठेपणा लागतो याला! तुमच्याकडून जी चार कुटुंबं गेली, त्यांच्या मनात काय होतं हे कुणी जाऊन ऐकलंय का? नावं ठरवण्याआधी ऐका. ती परत येतील न येतील, पण नव्या खजिनदाराकडून काय अपेक्षा ठेवायची हे त्यांच्याइतकं नेमकं कुणी सांगणार नाही.

आता माझी एक गोष्ट. पुष्कळ वर्षांपूर्वी मीही अशा समितीत होते. आमच्यात एक भाऊ होते, संडे स्कूलच्या मुलांत रमणारे, मितभाषी, सगळ्यांचे लाडके. आम्ही त्यांचं नाव वडील म्हणून ठरवलं. ते दोनदा म्हणाले, “मला हे झेपणार नाही, मला मुलांतच राहू द्या.” तेव्हा त्यांना मी सांगितलं, की मंडळीला नाही म्हणणं म्हणजे देवाला नाही म्हणणं. माझेच शब्द आहेत ते, अजून कानात वाजतात. ते वडील झाले. सभांमधल्या वादांनी त्यांचा जीव घाबरा व्हायचा. हळूहळू मुलांचा वर्ग सुटला, मग वडीलपण सुटलं, मग त्यांचं येणंच थांबलं. त्यांचं ‘नाही’ हेच देवाचं उत्तर असेल, असं आमच्यापैकी कुणाच्या मनातही आलं नाही. पेत्राने वडिलांना लिहिलंय की कळपाची देखभाल जबरदस्तीने नव्हे, संतोषाने करा. ते वचन मला पाठ होतं. म्हणून सांगते, ज्यांचं नाव घ्याल त्यांना विचारा, उत्तराला वेळ द्या, आणि नाही म्हणाले तर त्यांचे आभार माना.

तुमच्या गेल्या खजिनदारांनाही कदाचित असंच ढकललं गेलं असेल.

खजिनदाराच्या बाबतीत आणखी एक. करिंथकरांच्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात पौल यरुशलेमच्या गरिबांसाठी गोळा केलेल्या दानाविषयी लिहितो. ते दान तो एकटा घेऊन जात नाही. मंडळ्यांनी निवडलेला एक भाऊ त्याच्याबरोबर आहे. कारणही तो देतो: एवढ्या मोठ्या रकमेवरून कुणी आम्हाला दोष लावू नये, आणि जे चांगलं ते केवळ प्रभूच्याच नव्हे तर माणसांच्याही दृष्टीने चांगलं असावं. पौलाला स्वतःच्या प्रामाणिकपणाची शंका होती का? मुळीच नाही. तरी त्याने साक्षीदार सोबत घेतला. तुमच्याकडे अर्पण कोण मोजतं? एकटे खजिनदार मोजत असतील, तर ही पद्धत माणूस निवडण्याआधी बदला. दोघांनी मोजावं, दोघांनी सही करावी, आणि ठरावीक दिवशी हिशेब सगळ्या मंडळीसमोर वाचला जावा. एकट्या माणसाच्या खांद्यावर हे ओझं टाकून त्याच्यासाठी फक्त प्रार्थना करायची, हा त्याच्यावर अन्यायच आहे.

आता तुमचे मोठे दीर. त्यांना वडील व्हायचंय, यात वाईट काही नाही. अध्यक्षाच्या कामाची जो इच्छा धरतो तो चांगल्या कामाची इच्छा धरतो, हे पौलाचंच म्हणणं. त्यामुळे त्यांच्या इच्छेला हसू नका आणि तिची भीतीही बाळगू नका. पण त्यांचं नाव तुम्ही सुचवायचं नाही, आणि त्यांच्या नावावर चर्चा सुरू झाली की उठून बाहेर जायचं. पक्षपाताने काहीही करू नकोस, कोणावर हात ठेवण्याची, म्हणजे त्याला पदावर नेमण्याची, घाई करू नकोस, ही दोन वाक्यं पौलाने एकापाठोपाठ लिहिली आहेत. पक्षपात दोन्हीकडून होतो, हेही लक्षात घ्या. घरच्या दबावाचा राग येऊन चांगल्या माणसाला मुद्दाम मागे ठेवणं हाही पक्षपातच, आणि तुमच्यासारख्या प्रामाणिक बाईकडून होण्याची भीती मला याच प्रकाराची जास्त वाटते. ते योग्य असतील तर बाकीच्या चौघांना दिसेल. नसतील तर तुमच्या शब्दाने ते योग्य होणार नाहीत.

हे त्यांना तुम्ही स्वतः सांगा, बैठकीच्या आधी, यजमानांना बरोबर घेऊन. निकालानंतर दुसऱ्याकडून कळलं तर जखम होईल. असं म्हणून पाहा: “भाऊजी, तुमचं नाव माझ्यामुळे पुढे आलं असं उद्या कुणी म्हणू नये. म्हणून तुमच्या बाबतीत मी गप्प राहणार आहे. तुमच्यासाठी प्रार्थना मात्र करीन.” ते रागावतील कदाचित. जो असा राग पचवतो, त्याच्यात वडिलाची लक्षणं आहेत, असं मी समजते.

“प्रभूने मला अमुकचं नाव दाखवलंय” असं समितीत कुणी म्हणेल. त्यांना झिडकारू नका. अंत्युखियाच्या मंडळीत उपास चालू असताना बर्णबा आणि शौल (म्हणजेच पौल) यांच्याविषयी पवित्र आत्मा बोलला, तसा तो आजही बोलतो असा माझा विश्वास आहे. पण तिथे संदेष्टे आणि शिक्षक एकत्र सेवा करत होते, आणि आत्म्याचा शब्द ऐकल्यावरही त्यांनी पुन्हा उपास-प्रार्थना केली, मग हात ठेवले. ज्याला खरोखर प्रभूने काही दाखवलंय, तो भाऊ “तुम्हीही पारखून पाहा” म्हणायला घाबरणार नाही. शमुवेलासारखा संदेष्टा इशायाच्या घरी गेला आणि अलीयाबाला बघताच त्याला वाटलं, हाच. देवाशी बोलत असलेला माणूस तो, तरी पहिला अंदाज चुकला! सात मुलगे पुढून गेले, आणि ज्याला घरातल्या कुणी बोलवायचंही मनात आणलं नव्हतं तो रानात मेंढरं राखत होता. तेव्हा एका संध्याकाळी पाचही जण मिळून विचार करा: आपल्या मंडळीत कुणाला बोलवायचं राहून गेलंय? आजाऱ्यांकडे न सांगता जाणारं कोण आहे? उपासना संपल्यावर बाक नीट लावून मगच घरी जाणारं कोण?

आणि समजा सगळं नीट करूनही तुम्हाला पटलेलं नाव मंडळीने निवडलं नाही, तर? तेव्हा मला बर्सबा आठवतो. प्रभूबरोबर पहिल्यापासून होता, दोघांत त्याचं नाव आलं आणि चिठ्ठी दुसऱ्याची निघाली. तो रुसून गेला असं कुठे लिहिलेलं नाही. पुढच्याच अध्यायात पन्नासाव्या दिवशी सगळे एकत्र होते आणि सगळ्यांवर आत्मा उतरला. त्या घरात तोही होता असंच मी धरते. मत्थियाचं नावही पुन्हा शास्त्रात येत नाही. निवडलेला आणि न निवडलेला, दोघंही त्या गर्दीत मिसळून गेले. माझा भरवसा तिथे आहे, ताई. मंडळीची निवड कधीच चुकणार नाही, यावर मी भरवसा ठेवत नाही. मंडळी ज्याची आहे तो निवडीनंतरही तिच्यात राहतो, चूक झाली तर दाखवतो, सुधारायला पुन्हा संधी देतो, एवढं मला पुरतं. तुम्ही रात्रभर जागून सगळ्या शक्यता मोजल्या तरी समितीतली पाच माणसं पाचच राहणार. झोपा तुम्ही. तो झोपत नाही.

एक काम मात्र पहिल्या बैठकीच्या आधी करा. शेवटच्या बाकावर बसणाऱ्या त्या भावांना भेटायला जा. पौलाने एकदा आपला जुना सोबती मार्क याला सेवेच्या प्रवासाला बरोबर न्यायला साफ नकार दिला होता, त्यावरून बर्णबाशी त्याचा कडाक्याचा वाद झाला आणि दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. तोच पौल शेवटच्या दिवसांत तुरुंगातून लिहितो, मार्काला घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे. हे भाऊ पुन्हा खजिनदार व्हावेत असं मी म्हणत नाही. पण हिशेब कुठे अडला, मदत कधी हवी होती आणि ती का मागता आली नाही, हे साऱ्या मंडळीत त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. वही घेऊन जाऊ नका, समितीचं नावही आधी काढू नका. बसा, विचारपूस करा, त्यांच्याबरोबर प्रार्थना करा. मग विचारा, “भाऊ, पुढच्या माणसाला आम्ही काय सांगावं?”

ख्रिस्तात तुमची,
एक वडीलधारी भगिनी